एका घाण्याला एक गाणं

परश्रवण कक्षात एका वेळी एकच माणूस मावत असे. हातभर जाडीच्या भिंती, शीतगृहासारखं जड दार आणि आत एक खुर्ची. डॉ. इनास डिमेलो त्या खुर्चीतून उठून बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जत्रेतून परतलेल्या मुलाचं हसू होतं.

"कुणाचे कान होते हे?"

"सहभागी चौऱ्याण्णव. सोलापूरची कॉलेजातली मुलगी," ऋजुता भालेकर म्हणाली.

"देव तिचं भलं करो. चाळीस वर्षं मी लोकांचे कान कापले आणि शिवले; पण दुसऱ्याच्या कानांनी आज पहिल्यांदा ऐकलं. ढोल वाजायच्या आधीच कळत होतं, आता वाजणार."

डॉ. डिमेलो मूळचे वसईचे, निवृत्त कर्णशल्यविशारद. पुण्यातल्या 'श्रुतिका' या ध्वनिसंशोधन संस्थेनं तयार केलेल्या उपकरणाचं प्रमाणन करण्यासाठी ते त्रयस्थ परीक्षक म्हणून आले होते. त्यांची सही झाली की वसुबारसेला, म्हणजे सहाव्या दिवशी, 'सणसूची' बाजारात येणार होती. ही सूची माणसाचे कान चार दिवस तपासायची आणि त्याला सणासुदीत नेमकी कोणती गाणी ऐकायला आवडतील त्याची यादी स्वतःच बनवायची. संस्थेची सहा वर्षं आणि ऋजुताची चाळिशीची सुरुवात तिच्यात गेली होती.

"कागदावर सगळं वाचलंय मी," डॉक्टर खुर्ची ओढून बसले. "पण एकदा तोंडानं सांगा. लिहिताना माणूस फार सावध असतो."

"कान आवाज नुसता आत घेत नाही, बाहेरही टाकतो," ऋजुता म्हणाली. "आतल्या शंखातल्या केसपेशी आलेला आवाज वाढवतात. वाढवताना त्यांचा स्वतःचाही एक अतिशय क्षीण आवाज होतो. त्याला आम्ही कर्णस्वन म्हणतो. आमच्या कर्णिकेतला ध्वनिग्राहक तो टिपतो."

टेबलावर कर्णिकांची एक जोडी होती. कानाच्या पाळीमागे अडकवायची, शेंगदाण्याएवढी.

"हे मला माहीत आहे. पुढे?"

"कोणता स्वर किती वाढवायचा ते कान ठरवत नाही, मेंदू ठरवतो. मेंदूकडून कानाकडे उलट येणाऱ्या चेता असतात. मेंदूला ज्या आवाजाची अपेक्षा असते, तेवढ्याच पट्टीत कान आधीपासून तीक्ष्ण होतो. गाण्यात, स्वर यायच्या साधारण एक तृतीयांश सेकंद आधी. तेवढ्या पट्टीत कर्णस्वन वाढतो आणि आलेखावर शिखर दिसतं."

"माझे आजोबा मिरजेत सतारी करायचे," इलियास मुजावर मध्येच म्हणाला. कर्णिकेची जडणघडण त्याची होती. "तार छेडायच्या आधी त्यांची मान तिरकी व्हायची. तेच आहे हे, सर. फक्त मान कानाच्या आत तिरकी होते."

डॉक्टरांना ते आवडलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. "आणि या शिखराला तुम्ही आवडशिखर म्हणता. का? माझी बायको दर नाताळात तीच बारा गाणी लावते. तीस वर्षं झाली. पुढचा प्रत्येक स्वर मला पाठ आहे. याचा अर्थ मला ती आवडतात?"

"कंटाळलेल्या कानात शिखर येत नाही, सर," इलियास म्हणाला. "पाठ असलं तरी कान पुढे धावत नाही. तुमचं मोजून देऊ का? बाईंना दाखवता येईल."

"नको रे बाबा. दोन महिन्यांत नाताळ येतोय."

तिघंही हसली. ऋजुता थोडी उशिरा हसली. तिचं लक्ष डॉक्टरांच्या हाताखालच्या फायलीकडे होतं. त्या फायलीत वगळलेल्या नोंदी होत्या. एकूण सहभागी दोनशे चाळीस, त्यांतले एकतीस वगळलेले. संमतिपत्रातल्या अटीनुसार वगळलेल्या नोंदी प्रमाणनाच्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता, कायमच्या पुसल्या जाणार होत्या. आता साडेअकरा वाजले होते. पाच वाजेपर्यंत ती फाईल कुणी उघडू नये, एवढीच तिची इच्छा होती. एकदा पुसलं गेलं की ते तिनं पुसलं असं होणार नव्हतं.

डॉक्टरांनी फाईल उघडली.

"एकोणीसची नोंद चार दिवाळ्यांची आहे. एवढी लांब नोंद दुसऱ्या कुणाचीच नाही. आणि तीच तुम्ही टाकून दिलीत? 'उपकरणात बिघाड, वगळावे.' सही तुमची."

"हो."

"काय बिघाड होता?"

"सहभागी एकोणीस म्हणजे माझी आई," ऋजुता म्हणाली. "फेब्रुवारीत गेली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. इलियासनं खिडकीबाहेर पाहिलं. त्याला हे माहीत होतं, पण ती हे मोठ्यानं बोलताना त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"मी दुसरी नोंद निवडतो," डॉक्टर म्हणाले.

"नको. नियम तोच आहे. परीक्षक मागेल ती नोंद उघडायची."

*

रोहिणी भालेकर साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. डोक्याला हेडफोन लावून त्या बोर्डसमोर बसत आणि टेबलाखाली पायाशी छोटा ट्रान्झिस्टर ठेवत. एका कानानं बोर्ड आणि दुसऱ्या कानानं गाणी. बाकीच्या बायका भावगीतं ऐकायच्या. रोहिणीबाईंना पॉप लागायचं. ड्रम, ट्रम्पेट, मध्येच कुणीतरी किंचाळलेलं. 'सात पतंग' नावाचा एक वाद्यवृंद होता, त्याच्या 'गच्चीवर ये ना'ची कॅसेट त्यांनी तीनदा घेतली, कारण दोन झिजल्या.

दिवाळीत त्या बाकीचा फराळ आधी करून ठेवत, पण चकली नाही. चकली पहिल्या आंघोळीच्या सकाळी गरम तळायची आणि एक्स्चेंजमधल्या सात-आठ मैत्रिणींच्या घरी डबे पाठवायचे. घड्याळाकडे बघायला हात मोकळा नसे, म्हणून हिशेब गाण्यांवर. चकलीचा एक घाणा कढईत सोडला की एक गाणं लावायचं आणि गाणं संपलं की घाणा काढायचा. फार छोटं गाणं असेल तर चकली मऊ राहते, फार लांब असेल तर करपते. अशी बारा गाणी निवडून त्या दरवर्षी यादी करत. ऋजुता पुण्याला गेल्यावर ती यादी धनत्रयोदशीला फोनवर येऊ लागली. सोबत शेरेही असत. 'क्र. ३ भाजणी चांगली असेल तरच.' 'क्र. ८ ला नाचू नये, तेल उडतं.'

चार दिवाळ्यांपूर्वी ऋजुतानं आईला कर्णिकांची जोडी दिली. ओवाळणीसारखी दिली, पण सोबत संमतिपत्र होतं. संस्थेला साठीपुढचे सहभागी हवे होते आणि ते मिळत नव्हते.

"म्हणजे मी तुझा उंदीर," आई म्हणाली होती.

"उंदराला पॉप आवडत नाही गं."

"तुला काय माहीत? विचारलंस कधी?"

दिवाळीची सकाळ, सहा ते साडेआठ, कर्णिका घालून ठेवायची, असं ठरलं. आईनं ते नोकरीसारखं पाळलं. एकदाही दांडी नाही.

*

इलियासनं पडद्यावर गेल्या दिवाळीची नोंद लावली. गाण्याचा आलेख निळा, कर्णस्वनाचा पांढरा. इतरांच्या नोंदीत पांढरी शिखरं निळ्याच्या एक पाऊल पुढे धावताना दिसत. इथे निळा आलेख खालीवर होत होता आणि पांढरं शिखर एकाच जागी उभं होतं. गाणं बदललं तरी तिथेच.

"दोन हजार नऊशे साठ हर्ट्झ," इलियास म्हणाला. "अडीच तास. जराही हललं नाही."

"म्हणून मी बिघाड लिहिलं," ऋजुता म्हणाली. "गाण्याशी संबंध नसलेलं स्थिर शिखर म्हणजे ध्वनिग्राहकाचा दोष. पुस्तकात तसंच आहे."

"मी तेव्हाही बोललो होतो, मॅडम."

"काय बोलला होतास?"

"ध्वनिग्राहक बिघडला तर तापला की शिखर सरकतं. ही बाई कढईसमोर उभी होती. सरकायला पाहिजे होतं." तो थांबला. "तुम्ही म्हणालात, वेळ नाही, पुढचं बघ."

ती तसं म्हणाली होती. तारीखसुद्धा तिला आठवत होती.

इलियासनं खणातून एकोणीस क्रमांकाची डबी काढली. आई गेल्यावर इतर सामानाबरोबर ती परत आली होती. एका कर्णिकेच्या फटीत भाजणीचा पिवळट कण अडकला होता; तो त्यानं पुसला नाही. तपासणीच्या यंत्रावर ठेवल्यावर दहा मिनिटांत निकाल आला. उपकरणात कोणताही दोष नव्हता.

"मग शिखर खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यांचा कान खरोखरच त्या एका पट्टीत टवकारलेला होता. सतत. तिथे काय होतं?"

"गाण्यात? काहीच नाही." इलियासनं बारा गाण्यांचे आलेख एकावर एक ठेवले. निळ्या रेषांच्या जाळीत एका जागी उभी फट राहिली. "हे मी आज पहिल्यांदा बघतोय. बाराही गाण्यांत नेमक्या त्या पट्टीत जवळजवळ काही नाही. झांजा नाहीत, ट्रम्पेट नाही. सगळी गाणी तिथे रिकामी आहेत."

"योगायोग?"

"बारापैकी बारा?"

ऋजुतानं आपल्या फोनमध्ये जुना संदेश शोधला. दोन वर्षांपूर्वीची यादी. तिच्याखाली तिनं स्वतः लिहिलं होतं: 'यंदा सात पतंग नाहीत?? म्हातारी झालीस आई.' आणि आईचं उत्तर: 'आता झांजा सोसत नाहीत गं.'

तिनं ते दोघांना वाचून दाखवलं.

"त्यांची श्रवणक्षमता कशी होती?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज मऊ होता, पण प्रश्न परीक्षकाचा होता.

ते कर्णस्वनावरूनच काढता येत होतं. इलियासनं काढलं. पहिल्या दिवाळीला ठीक. तिसऱ्या दिवाळीला वरच्या पट्ट्यांत निम्मी. चौथ्या दिवाळीला त्याहून कमी.

"तुम्हाला माहीत नव्हतं," डॉक्टर म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

"तिची नोंद माझ्या टेबलावर होती," ऋजुता म्हणाली. "मी कानांवर संशोधन करते, डॉक्टर."

 डॉक्टरांनी वाट काढून दिल्यासारखं म्हटलं, "तीस वर्षं बोर्डवर बसलेली बाई. एका कानानं बोर्ड. कदाचित ती जुनी सवय असेल. कानाला हाताची सवय लागते तशी."

ऋजुतानं ते पकडलं. सवय. सवयीला कुणी जबाबदार नसतं. "शक्य आहे," ती म्हणाली. "तसं असेल तर पहिल्या दोन वर्षांतही शिखर दिसेल."

हे बोलताच तिला कळलं की आता बघावं लागेल.

पहिली दिवाळी. ऋजुता साताऱ्याला होती. कढईशेजारी बसून सोऱ्या फिरवत होती. नोंदीत स्थिर शिखर नव्हतंच. पांढरी रेषा निळ्याच्या पुढे धावत होती आणि 'गच्चीवर ये ना'च्या वेळी तर अशी धावली होती की इलियास न राहवून म्हणाला, "सत्तरीची आहे ही बाई?"

"एकाहत्तर."

दुसरी दिवाळी. ऋजुता पुण्यात होती. सहा वाजता नोंद सुरू झाली आणि शिखर होतं. त्याच जागी. सहा वाजून वीस मिनिटांनी खालच्या पट्टीवर एक खूण होती. कर्णिका घरातलं बोलणं साठवत नसे, खासगीपणासाठी. बाहेर काही आवाज झाला की फक्त खूण करी. खुणेनंतर लगेच नोंद खंडित. कर्णिका काढली होती. चौदा मिनिटांनी पुन्हा घातलेली. आणि त्यानंतर शिखर नाही. कान पुन्हा गाण्यामागे, गाण्याच्या पुढे.

"सहा वीसला काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी फोन केला होता," ऋजुता म्हणाली.

"आणि तिसऱ्या, चौथ्या वर्षी?"

"यादी आल्यावर हृदयाचं चिन्ह पाठवलं होतं. फोन नव्हता केला."

इलियास उठला आणि पाण्याची बाटली घेऊन आला. कुणी प्यायलं नाही.

"कर्णिका फोनला जोडलेली नसते का?" डॉक्टरांनी विचारलं. "फोन आला तर कानातच वाजेल."

"नाही. प्रयोगात दुसरे आवाज मिसळू नयेत म्हणून जोडणी बंद ठेवली होती." ऋजुतानं जरा थांबून पुढचं वाक्य पूर्ण केलं. "मी ठेवली होती. फोन ओट्यावर असायचा. तो वाजला तर तिला गाण्याच्या पलीकडून ऐकावा लागायचा."

तिच्या पिशवीत आईचा फोन होता. मृत्यूनंतरच्या कागदपत्रांसाठी त्यावर संदेश येत, म्हणून ती तो चार्ज करून जवळ ठेवी. आठ महिन्यांत तो कधीच वाजला नव्हता. बिल्डिंगमधल्या लोकांचे, गॅसवाल्याचे, दूरच्या नातेवाइकांचे फोन येऊन गेल्याचं पडद्यावर दिसे, पण मुक्यानं. आईनं निवृत्तीनंतर फोनचा आवाज बंद करून टाकला असावा, असं तिनं धरून चाललं होतं. आयुष्यभर घंटा ऐकून कंटाळली असेल.

तिनं तो फोन काढून टेबलावर ठेवला. इलियासनं न सांगता ध्वनिग्राहक त्याच्याजवळ सरकवला.

"इलियास, तुझ्या फोनवरून लाव."

त्यानं लावला. पडदा उजळला. आवाज नाही.

मग ऋजुतानं स्वतःच्या फोनवरून लावला. 'आई' हे नाव दाबायला तिला थोडा वेळ लागला.

टेबलावर जुन्या काळ्या टेलिफोनची घंटा वाजली. बोर्डवरची, धातूची, खणखणीत. तिघंही दचकली. पडद्यावर 'ऋजू' असं नाव होतं आणि पहिल्या आंघोळीचा, तेलानं माखलेला तिचा लहानपणचा फोटो.

इलियासनं आलेखाकडे पाहिलं आणि आकडा वाचला नाही. वाचायची गरज नव्हती. दोन हजार नऊशे साठच्या जागी रेष उभी राहिली होती.

घंटा थांबेपर्यंत कुणी फोन कापला नाही.

*

"तिला वरचे आवाज कमी ऐकू यायला लागले," ऋजुता म्हणाली. ती अहवाल वाचत असल्यासारखं बोलत होती. "ही घंटा गाण्यात बुडायची. म्हणून तिनं गाणी बदलली. घंटा जिथे वाजते तिथे मोकळी असलेली गाणी निवडली. आपण यंत्रावर जे आत्ता काढलं, ते तिनं कानानं काढलं. तिला ती गाणी आवडायची असं नाही. ती सणाची यादी नव्हतीच. फोन ऐकू यावा म्हणून केलेली यादी होती."

"आणि मी यादीवर हृदय पाठवलं," हे ती बोलली नाही.

डॉक्टरांनी फाईल पुन्हा समोर घेतली. "मग मला एक सांगा. हे शिखर आवडीचं आहे की अपेक्षेचं?"

"अपेक्षेचं. नेहमीच अपेक्षेचं होतं. माणूस निवांत असेल तर तो आवडत्या स्वराची अपेक्षा करतो, म्हणून आम्हाला ती आवड वाटली. निवांत नसेल तर..." ती थांबली. "उरलेले तीस लाव, इलियास."

त्यांना दीड तास लागला. वगळलेल्या तीसपैकी सव्वीस नोंदींत स्थिर शिखर होतं. प्रत्येकाचं वेगळ्या जागी. कुणाचं साडेसातशेवर, कुणाचं बाराशेवर. कुणाच्या दाराची घंटा असेल, कुणाच्या फाटकाची कडी, कुणाच्या स्कूटरचा हॉर्न. सव्वीसपैकी तेवीस जण साठीच्या पुढचे. सहभागी बावीस, कोल्हापूर, निवृत्त शिक्षक. सहभागी सत्तावन्न, वर्धा, घरी एकट्या. सगळ्या नोंदींवर तेच तीन शब्द होते आणि खाली ऋजुताची सही.

"बाकीच्या दोनशे नऊ जणांच्या याद्या सणसूचीनं बरोबर काढल्या होत्या," इलियास म्हणाला. त्याची सहा वर्षंही त्यात होती.

"कारण ज्यांच्या चुकल्या असत्या त्यांना आपण आधीच काढून टाकलं होतं," ऋजुता म्हणाली.

डॉक्टर डिमेलो घड्याळाकडे बघून म्हणाले, "दोन वाजून दहा मिनिटं. पाचच्या आत मला सही करावी लागेल, किंवा करणार नाही असं लिहावं लागेल. एकोणीस ग्राह्य धरली तर सणसूची थांबते. वगळलेली ठेवली तर ती पुसली जाते. दोन्ही तुमच्या हातात आहे, कारण वगळणारी सही तुमची आहे. मी तुमच्या जागी असतो तर मला माहीत नाही, मी काय केलं असतं." मग जरा वेळानं, "त्यांची शेवटची दिवाळी ऐकलीत का तुम्ही? तिथे बसून?"

त्यांनी कक्षाकडे बोट केलं.

"नाही."

"इतक्या लोकांना त्या खुर्चीत बसवलंत."

"नोंद अडीच तासांची आहे," ऋजुता म्हणाली.

"मी थांबतो. चिवडा आहे का काही?"

*

दार बंद झालं आणि जगातला सगळा आवाज गेला. ऋजुतानं कर्णिका लावल्या. कक्षात ऐकणाऱ्याच्या कानाचीही नोंद होत असे, तुलनेसाठी. नियमानं ती बंद करता येत नव्हती.

मग आईचे कान सुरू झाले.

पहिलं गाणं फार लांबून आल्यासारखं होतं. शेजारच्या बंगल्यात, मागच्या खोलीत कुणीतरी लावलं असावं तसं. शब्द गोल झालेले, कडा गेलेल्या. तिला वाटलं, आवाज कमी ठेवला असेल. मग लक्षात आलं, आवाज पूर्ण होता. आईला गाणं एवढंच ऐकू येत होतं. आणि त्या मंद, गढूळ आवाजाच्या मधोमध एक जागा लख्ख होती. काचेसारखी स्वच्छ. तिथे काहीच नव्हतं.

एक गाणं संपलं. एक घाणा निघाला असेल. दुसरं सुरू झालं.

यादीतली ही गाणी ऋजुतानं कधी ऐकलीच नव्हती. 'ऐकते गं सावकाश' असं तिनं लिहिलं होतं. आता तिला क्रमांक तीन, चार, पाच कळत गेले. वाईट नव्हती. त्यातलं एकही आईचं नव्हतं.

सात वाजून बाराव्या मिनिटाची तिला आधीपासून माहिती होती. फोनमध्ये वेळ होती. त्या सकाळी ती रिक्षातून प्रयोगशाळेकडे येत होती. बाहेरून पाहुणे आले होते, त्यांना उपकरण दाखवायचं होतं. कर्णिकांची जुळणी करायची होती. उतरता उतरता तिनं यादीवर अंगठा टेकवला होता. हृदयाच्या चिन्हानं घंटा वाजत नाही. ओट्यावरचा फोन फक्त एकदा थरथरला असेल.

सहावं गाणं चालू होतं. ती लख्ख जागा एकाएकी रुंदावली. बाकीचं गाणं जवळजवळ नाहीसं झालं. आईच्या कानानं सगळं बाजूला सारून तेवढीच एक पट्टी उघडी केली होती. हृदय आलं, म्हणजे ऋजूच्या हातात तिचा फोन आहे. म्हणजे आता वाजेल.

ऋजुता त्या रिकाम्या उजेडात बसून राहिली. सातवं गाणं. आठवं. आठव्याच्या शेवटी जागा हळूहळू पहिल्याएवढी झाली; बंद मात्र झाली नाही. बारावं गाणं संपलं आणि यादी पुन्हा पहिल्यापासून लागली. चकल्या संपल्या असाव्यात, कारण त्यानंतर दोन गाण्यांमध्ये थांबा नव्हता. कढईशिवायही आई तिथेच ओट्यापाशी होती.

साडेआठला नोंद संपली. आईनं कर्णिका अगदी वेळेवर काढली होती.

*

ऋजुता बाहेर आली तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती. डॉक्टर टेबलापाशी होते आणि चिवड्याचा डबा अर्धा झाला होता. तिनं फाईल ओढली, एकोणीस क्रमांकाचं पान काढलं, 'उपकरणात बिघाड, वगळावे' यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'उपकरण निर्दोष. नोंद ग्राह्य.' मग उरलेल्या सव्वीस पानांवरही तेच लिहिलं. प्रत्येक ठिकाणी पूर्ण सही केली, आद्याक्षरं नाही.

डॉक्टरांनी सही न करताच प्रमाणनाचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"संचालकांना मी सांगते," ती म्हणाली. "इलियास, तुझं नाव यात येणार नाही. तू तेव्हाच बोलला होतास."

इलियास पडद्यासमोर उभा होता. तो वळला नाही.

"मॅडम, तुमच्या कानाची नोंद आली आहे. तुलनेची."

"मग?"

"तुम्ही बघितलीत तर बरं."

पडद्यावर अडीच तास होते. निळी रेष आईनं ऐकलेल्या गाण्यांची. पांढरी रेष ऋजुताची. दोन हजार नऊशे साठवर एक शिखर उभं होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि सात वाजून बाराच्या खुणेच्या जरासं आधी ते वर गेलं होतं.

"हे परश्रवणातून आलेलं असेल," ती म्हणाली. "त्या पट्टीत आवाज जास्त वाढवलेला होता."

"त्या पट्टीत आवाजच नव्हता, मॅडम. गाणी तिथे रिकामी आहेत. रिकामं कितीही वाढवलं तरी रिकामंच. हे शिखर आईंचं नाही, तुमचं आहे." त्यानं पांढऱ्या शिखरावर बोट ठेवलं. मग सरळ बोलला. "तुमचा कान घंटेची वाट बघत होता."

ऋजुतानं टेबलावरच्या दोन फोनकडे पाहिलं. एक आईचा, एक तिचा. आईच्या फोनवर फक्त एकाच नंबरची घंटा वाजत असे. तो नंबर तिचाच होता.

"यालाही क्रमांक द्यावा लागेल," इलियास हळूच म्हणाला. "दोनशे एक्केचाळीस. की वगळू?"

खाली कुठल्यातरी दुकानात सणाची गाणी लागली होती आणि जाड काचेतून त्यांच्यातले फक्त ढोल ऐकू येत होते. ऋजुतानं नवीन पान घेतलं, वर २४१ लिहिलं आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं.

"वगळू नकोस," ती म्हणाली.